बकुळाचा ळ

माझी बायको चाक फुटून मेली. धार लावायचं चाक, दहा इंची, मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे घेणारं. त्याला आतून तडा होता. वरून दिसत नव्हता. तुकडा तिच्या गळ्यात डाव्या बाजूने घुसला तेव्हा मी सात फुटांवर भट्टीजवळ उभा होतो. मी पोचेपर्यंत तिचा पदर, माझे हात आणि समोर मांडलेल्या चाळीस सुऱ्या लाल झाल्या होत्या. ती काही बोलली नाही. बोलायला गळाच उरला नव्हता.

ही २०३८ सालची गोष्ट आहे. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. सुऱ्या आणि कोयते बनवतो. मी श्रीपती पांचाळ, जातीचा आणि धंद्याचा लोहार. बायकोचं नाव बकुळा. पोलादाला पाणी द्यायचं काम तिचं होतं. पातं तापवायचं, रंग बघायचा आणि नेमक्या वेळी विझवायचं. एक श्वास उशीर झाला तर पातं मऊ पडतं, लवकर झालं तर काचेसारखं तुटतं. भट्टीला तापमापक होता, पण ती त्याच्याकडे बघायची नाही. "हां, आता," एवढंच म्हणायची.

तेरावा झाल्यावर मी पहिलं काम केलं ते ठसा बनवून घ्यायचं. तोवर आमच्या मालावर काहीच नाव नसायचं. आता प्रत्येक पात्यावर मुठीजवळ 'बकुळा' उमटायला लागलं. वर देवनागरीत, खाली रोमन अक्षरांत.

तिचा भाऊ जालिंदर आमच्याकडेच कामाला होता. तो बकुळाहून अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवला. लग्न होऊन आली ती त्याला कडेवर घेऊनच, असं लोक चेष्टेने म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. पहिलं ठसा मारलेलं पातं त्याने हातात घेतलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "दाजी, हे नाव आता जगभर गेलं पाहिजे. आक्का मेली असं वाटायला नको कुणाला."

मलाही तेच हवं होतं. दुसरं काही हवं होतं असं आठवत नाही.

दूर परदेशात, उत्तरेकडच्या एका मोठ्या बंदराच्या शहरातून मागणी आली. शहराचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी पुरेसं भोगलं आहे. तिथल्या आचाऱ्यांना आमच्या सुऱ्या आवडल्या होत्या. अट एकच, नावाची तिथे नोंदणी हवी. आम्ही अर्ज केला आणि महिन्याभरात हरकत आली. 'बकुला' नावाची एक कंपनी तिथे साठ वर्षं तवे, पातेली आणि सुऱ्या विकत होती. संस्थापकाचं ते आडनाव होतं. माणसं वाईट नव्हती. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की दोन्ही नावं सारखीच ऐकू येतात, गिऱ्हाईक फसेल.

आमची तिथली वकील ऋजुता केळकर. पुण्याची, बारा वर्षं तिकडे राहिलेली. तिने फोनवरच सांगितलं, "काका, 'पांचाळ' नाव ठेवा. आठवड्यात काम होऊन जाईल."

"वकीलबाई," जालिंदर मधेच म्हणाला, "तुमच्या आईचं नाव बदला की आधी. आठवड्यात हुतंय का बघू."

ती हसली नाही. "मग चाचणीला या," म्हणाली.

पूर्वी दोन नावं सारखी आहेत की वेगळी हे अधिकारी स्वतःच्या कानाने ठरवायचे आणि मग वर्षानुवर्षं भांडणं चालायची. आता यंत्र ठरवत होतं. शहरातले शंभर लोक चिठ्ठ्या टाकून निवडायचे. त्यांच्या डोक्यावर तारांची टोपी घालायची आणि कानात एकच नाव पुन्हा पुन्हा वाजवायचं. बकुला, बकुला, बकुला, बकुला. मधेच एकदा दुसरं नाव सोडायचं. मेंदूला फरक कळला तर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात त्याची लाट खाली बुडी मारते. माणसाने लक्ष दिलं न दिलं तरी मारते. तो झोपला असला तरी मारते. बुडी आली तर नावं वेगळी, नाही आली तर एकच. शंभरात साठ बुड्या लागतात.

मोजमापाला पट्टी हवी म्हणून अर्जदाराच्या डोक्यावरही टोपी घालतात. मी बसलो. कानात बकुला, बकुला सुरू झालं. मग बकुळा आलं आणि माझे डोळे भरले.

नोंदणी कार्यालयाच्या अधिकारी श्रीमती ओल्सेन यांनी मला माझाच आलेख दाखवला. साठीच्या बाई, केस कापलेले, बोलणं हळू. एक छोटी बुडी आणि तिच्यामागे लांबवर पसरलेली, सावकाश उतरणारी टेकडी. ऋजुताने त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं. "त्या म्हणतात, ही मागची टेकडी म्हणजे ओळख. आपलं माणूस दिसल्यावर येते तशी."

शंभर लोकांत बुड्या निघाल्या सात. त्यातले चौघं तमिळ आणि कानडी घरातले होते.

त्या दुपारी ऋजुताने आम्हाला तिच्या कचेरीत जेवायला बसवलं. जालिंदर चिडला होता. "बहिरी हायेत का सगळी? ळ आणि ल मधला फरक कळत न्हाई?"

"बहिरे नाहीत," ती म्हणाली. "तान्ह्या बाळाला जगातले सगळे उच्चार वेगळे ऐकू येतात. इथल्या बाळालाही ळ ऐकू येतो. पण घरात जो आवाज कधी येतच नाही, त्याची वाट मेंदू वर्षाच्या आत बंद करून टाकतो. मग आयुष्यभर ळ आला तरी त्याला ल च ऐकू येतो. इथे बारा वर्षं मी केलकर म्हणून जगतेय. आता बँकेतून फोन आला की मीच सांगते, हो, केलकर बोलतेय."

"मग ही वाट उघडत न्हाई पुन्हा?"

"शिकवून थोडी उघडते. वेळ लागतो. कायद्यात सहा महिन्यांनी एक फेरचाचणी आहे. तोवर माल दाखवा, नाव लोकांच्या कानावर घाला." ती भाताचा घास कालवत होती. "एकाच गोष्टीने मोठ्या माणसाचा कान झटकन शिकतो. दुखलं की. तसे प्रयोग झालेत. दोन आवाज, माणसाला सारखेच वाटणारे. त्यातल्या एकाबरोबर दर वेळी विजेचा चटका द्यायचा. दोन-तीन दिवसांत मेंदू ते वेगळे करतो. जंगलातली सवय आहे ती. ज्या आवाजामागून वाघ आला, तो आवाज मेंदू दुसऱ्या कशात मिसळू देत नाही."

मी वरण वाढून घेतलं. जालिंदर जेवायचा थांबला होता. मला वाटलं, तिखट लागलं असेल.

आम्ही त्या शहराच्या मासळीबाजारात एक गाळा घेतला. मोठा छपराचा बाजार, बर्फाने भरलेल्या फळ्या, पाणी निचरायला फरशीत पन्हळी. सुऱ्या विकायला याहून चांगली जागा नाही. जालिंदर तिथेच राहिला, मी ये-जा करत होतो. गिऱ्हाईक आलं की पातं दाखवायचं आणि नाव म्हणून घ्यायचं. जीभ मागे वळवा, टाळूला लावा, सोडा. ळ. लोक हसायचे. प्रयत्नही करायचे.

समोरच्या फळीवर मारिट नावाची बाई बांगडे विकायची. चाळिशीची, दांडगी, लाल हातांची. आमची सुरी तिने पहिल्याच दिवशी घेतली. रोज सकाळी गाळा उघडला की समोरून ओरडायची, "बकुला?"

"बकुळा," मी म्हणायचो.

"बकुला!"

"बकुळा."

मग ती माशाचं डोकं हातात धरून त्याचं तोंड हलवायची, जणू मासाच म्हणतोय. जालिंदर माझ्याकडे बघून म्हणायचा, "बांगडा जमवंल दाजी एक दिवस, ही बाय न्हाई जमवायची."

दर महिन्याला ऋजुता भाड्याची टोपी आणून ओळखीच्या गिऱ्हाइकांवर चाचणी घ्यायची. शंभरात अकरा. पुढच्या महिन्यात बारा. मग पुन्हा बाराच. फेरचाचणीला पाच आठवडे राहिले होते. जालिंदर बोलेनासा झाला. एकटाच गाळ्यामागे बसून कोयत्याला धार लावायचा. धार आधीच होती.

शनिवारी सकाळी तो म्हणाला, पोट दुखतंय, खोलीवर पडतो. मी एकटाच गाळा उघडला. दहाच्या सुमाराला बाजार माणसांनी भरला होता. मी एका म्हाताऱ्याला सुरी कागदात गुंडाळून देत होतो.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "बकुळाऽ!"

क्षणभर मला वाटलं, कुणीतरी तिला हाक मारतंय. मी वळून बघितलं. ती कुठे आहे म्हणून खरंच बघितलं.

मग किंकाळ्या आल्या. पलीकडच्या टोकाला राखाडी रेनकोट घातलेला एक माणूस होता. डोक्यावर सायकलस्वारांचं शिरस्त्राण, पुढची काळी काच खाली पाडलेली. त्याच्या हातात आमचा कोयता. तो लोकांच्या रांगेतून सरळ चालत येत होता आणि दर वाराला एकदा ओरडत होता. बकुळा. एका माणसाच्या मानेत. बकुळा. एका बाईच्या पाठीत. तो घाई करत नव्हता. आधी नाव, मग वार. ऐकायला वेळ मिळावा असं.

तराजूजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्या मासेविक्याने बर्फाचं खोरं उचललं. कोयता त्याच्या बगलेतून आत गेला आणि तो फळीवरच्या बर्फात आडवा पडला. बर्फ खालून लाल होत गेला. मारिटने दोन्ही हात तोंडापुढे धरले होते. बकुळा. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं बांगड्यांच्या ढिगात पडली.

तो माणूस माझ्यापासून वीस फुटांवर थांबला. काचेतून काही दिसत नव्हतं. मग त्याने कोयता टाकला आणि मागच्या दाराने पळाला.

मी मारिटजवळ गेलो. कमरेचा पंचा सोडला, तिच्या मनगटावर आवळला आणि हात वर धरून बसलो. रक्त माझ्या कोपरापर्यंत ओघळत होतं. याआधी असं बसलो होतो ते बकुळाजवळ. मारिट माझ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

एक मेला, चौघं जखमी झाले. पोलिसांनी मला बाजारातच खुर्चीवर बसवलं. कुणीतरी फोनवर टिपलेली आरोळी ऐकवली. "हे तुमच्या मालाचं नाव?"

"हो."

"आवाज ओळखीचा आहे?"

शिरस्त्राणात आवाज घुमला होता, फाटला होता. त्यांच्या यंत्राने त्याची छाननी करून कागद दिला होता. शब्द 'बकुला', बोलणारा कुठलाही असू शकतो. यंत्र त्यांच्याच कानांवर घडवलेलं. त्याला ळ ऐकूच आला नव्हता. मला आला होता. जीभ पार मागे नेऊन टाळूवर आपटलेला, आमच्या कवठेमहांकाळ भागातला ळ. या शहरात असा ळ दोनच माणसांच्या तोंडात होता आणि त्यातला एक खुर्चीवर बसला होता.

"नाही," मी म्हणालो. जालिंदर आजारी आहे, सकाळपासून खोलीवर पडलाय, तेही सांगितलं.

खोलीवर गेलो तेव्हा जालिंदर लसूण सोलत बसला होता. केस ओले होते. मी दार लावलं.

"कोण मेलं?" त्याने विचारलं.

मी गॅसवरचा तवा उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. तो खुर्चीसकट मागे पडला. मी पुन्हा मारला. त्याचा एक दात फरशीवर आला. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा त्याने माझ्या पोटात लाथ घातली आणि आम्ही दोघं जमिनीवर आलो. मी छप्पन्न वर्षांचा आणि तो चाळिशीचा. तो माझ्या छातीवर गुडघा रोवून बसला. आत काहीतरी कडकन वाजलं.

"ऐका," तो म्हणाला. तोंडातलं रक्त माझ्या गळ्यावर पडत होतं. "ऐका दाजी. वकीलबाई काय म्हणली हुती? दुखलं की कान शिकतोय."

"म्हातारा होता रे तो. खोरं घेऊन उभा होता."

"शंभरात बारा ऐकत हुती! बारा! आक्काचं नाव पुसलं असतं त्यांनी. तव्यावर, पातेल्यावर, सगळीकडं त्यांचंच नाव राहिलं असतं."

"भाड्याचा माणूस तरी..." मी बोललो आणि माझीच मला घाण वाटली.

"भाड्याचा 'ल' म्हणला असता," जालिंदर म्हणाला. "सगळं फुकट गेलं असतं. मलाच करावं लागलं."

तो माझ्या छातीवरून उठला. भिंतीला टेकून बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. मग म्हणाला, "ते चाक मी बसवलं हुतं."

नवीन चाक बसवण्याआधी ते बोटावर टांगून त्यावर लाकडाची टिचकी मारायची असते. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. आत तडा असला तर थप्प असा मेलेला आवाज येतो. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हे.

"टिचकी मारली न्हवती," तो म्हणाला. "घाई हुती. मी ऐकलंच न्हाई, दाजी."

त्या वेळी मी पोलिसांकडे जायला हवं होतं. गेलो नाही. तो तिचा भाऊ होता, हे एक कारण. दुसरं कारण लिहायला लाज वाटते, पण लिहितो. जमलं का, हे मला बघायचं होतं.

मोडलेली बरगडी घेऊन मी बत्तीस दिवस त्या खोलीत राहिलो. जालिंदर स्वयंपाक करायचा, मी जेवायचो. आम्ही बोलत नव्हतो. बाहेर ती आरोळी सगळ्यांच्या फोनवर होती. बातम्यांत होती, शाळांच्या सूचनांत होती. लोकांनी आमच्या सुऱ्या आमच्या बंद गाळ्यासमोर आणून टाकल्या, ढीगभर. 'बकुला' कंपनीचे तवे खपेनात. तेव्हा त्यांनीच शहरभर ध्वनिफलक लावले. त्यातून एक गोड आवाज सांगायचा, आम्ही बकुला, आम्ही ते नाही, नीट ऐका. आणि मग दोन्ही नावं एकामागून एक वाजायची. पाच महिने आम्ही जे शिकवू शकलो नाही ते त्यांनी तीन आठवड्यांत पुरं केलं.

फेरचाचणीच्या दिवशी ऋजुता मला न्यायला आली. गाडीत ती म्हणाली, "काका, अर्ज मागे घ्यायचा विचार करा. नाव बाटलंय आता."

"निकाल लागू दे," मी म्हणालो.

जखमींपैकी कुणाला बोलायचं असेल तर परवानगी होती. मारिट आली होती. उजव्या हाताला कातडी मोजा, तीन बोटं रिकामी. तिला कुणी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "मला ते नाव म्हणता येतं."

श्रीमती ओल्सेन यांनी माइक तिच्यापुढे सरकवला.

"बकुळा," मारिट म्हणाली.

स्वच्छ. जीभ पार मागे, टाळूवर. बकुळाच्या आईने म्हटलं असतं तसं. म्हणताना मारिटचा डावा हात आपोआप तोंडापुढे आला होता. खुर्चीखाली पाणी ठिबकायला लागलं तेव्हा मला कळलं की तिला बसल्या जागी लघवी झाली आहे. ऋजुताने आपला कोट काढून तिच्या मांडीवर घातला आणि तिला बाहेर नेलं.

शंभर लोकांना टोप्या घातल्या. मलाही घातली. तासाभराने ओल्सेनबाईंनी आकडा सांगितला. चौऱ्याऐंशी.

"नावं वेगळी आहेत," ऋजुता परत येऊन भाषांतर करत होती. तिचा आवाज कोरडा होता. "हरकत फेटाळली. इथे सही करा."

मी पेन घेतलं. समोरच्या पडद्यावर आलेख होते. चौऱ्याऐंशी जणांच्या बुड्या एकावर एक ठेवलेल्या, विहिरीसारखी खोल, उभी रेघ. शेजारी एक वेगळा आलेख होता. तशीच विहीर. मागे काहीच नाही.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

ओल्सेनबाईंनी कागद पाहिला. "तुमचा."

"माझ्या मागे टेकडी होती."

ऋजुताने विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. "त्या म्हणतात, तुम्ही बाजारात होतात. तुमचाही कान बदलला. निकालावर त्याचा परिणाम नाही."

"पुन्हा लावायला सांग. एकदाच."

त्यांनी माझ्या कानात नाव वाजवलं. बकुळा. मी तिचा चेहरा बघायचा प्रयत्न केला. भट्टीचा उजेड, कपाळावरचा घाम, "हां, आता." काहीच आलं नाही. राखाडी रेनकोट आला. बर्फ आला. माझे खांदे वर उचलले गेले होते आणि मी वार चुकवायला डोकं बाजूला घेतलं होतं.

"हे जातं का?" मी विचारलं.

ओल्सेनबाई बराच वेळ बोलल्या. ऋजुताने थोडक्यात सांगितलं. "त्यावर दुसरं काही शिकवता येतं. वरून थर चढतो. पण भीतीने जे शिकलं ते खाली तसंच राहतं. पुसलं जात नाही."

मी पेन खाली ठेवलं. "अर्ज मागे घेतो."

अर्ज मागे घ्यायचा एक नमुना होता. त्यात कारणाची चौकट होती. धंदा बंद झाला, धंदा विकला, इतर. ऋजुताने विचारलं, "काय लिहू?"

"लिही, की हे नाव आता तिचं राहिलं नाही."

तिने लिहिलं. मी सही केली. मग म्हणालो, "आता दुसरं लिहून घे. बाजारात वार केले तो जालिंदर लोहार. माझ्या बायकोचा भाऊ. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

ऋजुताने मान वर केली. "दुखलं की," ती पुटपुटली. "मीच म्हणाले होते. जेवताना." पुढचं भाषांतर तिला जमेना. ओल्सेनबाईंना माझ्या तोंडाकडे बघूनच समजलं असावं. त्यांनी फोन उचलला.

पोलिसांना मी सांगितलं की दार तो माझ्याशिवाय कुणाला उघडणार नाही, मला पुढे जाऊ द्या. दोघं जण जिन्यात थांबले. दुपारचे तीन वाजले होते. खोलीत ऊन होतं. जालिंदर कॉटवर बसला होता, कपडे करून, केस विंचरून. निकालाचा दिवस त्याला ठाऊक होता.

"काय झालं दाजी? किती?"

"चौऱ्याऐंशी."

तो उठला आणि माझ्या गळ्यात पडला. बरगडीतून कळ आली. "जमलं," तो म्हणत होता. "आक्का, जमलं गं."

"मी अर्ज मागे घेतला."

त्याला समजलं नाही. "काय घेतला?"

"नाव मागे घेतलं. नोंद होणार नाही. आणि तुझं नाव दिलंय. पोलीस जिन्यात आहेत."

तो दोन पावलं मागे सरला. माझ्याकडे बघत राहिला, मग दाराकडे, मग खिडकीकडे. चौथा मजला. कॉटखाली हात घालून त्याने मालाच्या पेटीतला कोयता काढला. नवा, ठसा मारलेला.

"मग त्या म्हाताऱ्याला मी कशाला मारला?" तो ओरडला. "सांगा की! कशाला मारला?"

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. त्याच्या गळ्याची शीर टरारली, कोयता वर गेला आणि तोंड उघडलं. काय येणार ते मला कळलं. बाजारात पाच वेळा आलं होतं, आधी नाव, मग वार.

"मार," मी म्हणालो. "पण तिचं नाव घेऊ नकोस."

त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. आवाज आला नाही. मग त्याने मारलं. वार डाव्या खांद्यावर बसला, हाडापर्यंत, आणि मी दारापासून बाजूला कोसळलो. दार फुटलं, माणसं आत आली, कुणीतरी त्याला जमिनीवर दाबलं. तो गालावर पडला होता, डोळे माझ्याकडे, दात घट्ट आवळलेले. ते त्याच्या पाठीत गुडघे घालत होते, हात पिरगाळत होते, आणि तो ओठ मिटून होता.

त्याने नाव घेतलं नाही.